विमा नसलेली गाडी, निलंबित लायसन्स आणि परतीची वाट

आपल्या जुन्या घरांत जमिनीचे उतारे, आजोबांच्या नोकरीचे आदेश, मॅट्रिकची प्रमाणपत्रे पन्नास-साठ वर्षे ट्रंकेत नीट घडी घालून ठेवलेली असतात. याच घरांच्या अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरची पॉलिसी कधी संपली, असे विचारले तर मात्र उत्तर मिळत नाही. गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो नातू, विमा शेवटचा कोणी भरला ते काकांना ठाऊक, आणि काका पुण्याला. ट्रॅफिक पोलिसाने हात दाखवला की मग धावाधाव सुरू होते. दंड भरला, सुटलो, असे म्हणून प्रकरण मिटवले जाते.

ते प्रकरण मिटलेले नसते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला आपला कायदा एकीकडे फार स्वस्तात सोडतो, आणि दुसरीकडे ज्याचे लायसन्स निलंबित झाले त्याला परत नियमात येण्याची वाट कोणी धडपणे सांगत नाही. या दोन्ही गोष्टी बदलल्या पाहिजेत. आपल्यासारख्या दोन राज्यांत रोज ये-जा करणाऱ्या लोकांनी तर त्यासाठी आग्रहच धरला पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. वाहनाचा विमा सक्तीचा करणारी तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात होती आणि ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. त्या वेळी बेळगाव मुंबई प्रांतात होते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद ही संस्थाने होती आणि गोव्यात पोर्तुगीज अंमल होता. आज या सर्व ठिकाणी १९८८ चा एकच केंद्रीय कायदा लागू आहे. त्याच्या कलम १४६ नुसार तिऱ्हाइताच्या जोखमीचा, म्हणजे ज्याला आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो तो विमा असल्याखेरीज सार्वजनिक जागी गाडी वापरता येत नाही आणि वापरू देताही येत नाही. ‘वापरू देणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गाडी चालवणारा जितका दोषी, तितकाच किल्ली देणाराही.

शिक्षा कलम १९६ मध्ये आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड चार हजार. कैद कागदावरच राहते. त्यामुळे लोकांच्या मनात विमा नसण्याची किंमत दोन हजार रुपये, असा हिशेब पक्का बसला आहे.

हा हिशेब किती चुकीचा आहे ते अपघात झाल्यावर कळते. समजा, विमा संपलेल्या स्कूटरची धडक बसून बाजारातून भाजी घेऊन जाणाऱ्या एखाद्या गृहस्थाचा पाय कायमचा अधू झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्यांचे वय, कमाई, उपचाराचा खर्च पाहून भरपाई ठरवते. पॉलिसी असती तर ती रक्कम विमा कंपनीने दिली असती. पॉलिसी नाही, म्हणून ती मालकाने द्यायची. त्याने दिली नाही तर कलम १७४ नुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला देते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. ज्यांच्याकडे वाडा आहे, वडिलोपार्जित शेत आहे, त्यांनी या एका वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही, त्यांच्याकडून वसुली होत नाही आणि पाय गमावलेला माणूस हुकूमनामा हातात घेऊन बसून राहतो. विमा नसलेल्या गाडीचा खरा बळी तोच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उषादेवी विरुद्ध पवनकुमार या प्रकरणात सर्व राज्यांना याबाबत नियम करण्यास सांगितले. अपघात करणाऱ्या गाडीचा विमा नसेल तर मालकाने पुरेसे तारण दिल्याशिवाय ती सोडायची नाही, आणि तारण न दिल्यास तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणाकडे जमा करायचे, असा त्याचा आशय. त्याच वर्षी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. गाडी विकली पण नाव बदलले नाही, तर परिवहन खात्याच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच जबाबदार. दहा हजारांना ओळखीत विकून टाकलेली जुनी मोटारसायकल आजही आपल्याच नावावर असेल, तर तिने केलेल्या अपघाताचे देणेही आपलेच.

आता कायद्यातली विसंगती पाहा. २०१९ च्या दुरुस्तीने हेल्मेट न घालणाऱ्याला एक हजार रुपये दंडाबरोबर तीन महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवण्याची तरतूद केली. दुचाकीवर तिघे बसले तरी तेच. कलम २०६ मध्ये नवे उपकलम घालून भरधाव, धोकादायक किंवा मद्यपान करून गाडी चालवणे अशा गुन्ह्यांत लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. त्या यादीत कलम १९६ नाही. हेल्मेट न घालणारा मुख्यतः स्वतःचे डोके धोक्यात घालतो. विमा नसलेला रस्त्यावरच्या प्रत्येक परक्या माणसाचा हक्क धोक्यात घालतो. पहिल्याचे लायसन्स तीन महिने जाते, दुसरा दोन हजारांची पावती घेऊन त्याच गाडीवरून, त्याच अवस्थेत घरी जातो.

मग विमा नसल्यावरून लायसन्स जातच नाही का? जाते. कलम २० प्रमाणे या कायद्याखालील कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला न्यायालय ठरावीक मुदतीसाठी अपात्र ठरवू शकते. शिवाय अपघात, मद्यपान किंवा धोकादायक चालवणे यांच्याबरोबर विम्याचा अभाव उघड झाला, तर मूळ गुन्ह्यावरून निलंबन होतेच. म्हणजे कोणाचे जाते आणि कोणाचे राहते हे प्रसंगावर अवलंबून. शिक्षा नक्की माहीत असेल तर माणूस सावध राहतो. नशिबावर असेल तर तो नशीब अजमावतो.

ज्याचे लायसन्स निलंबित झाले आहे त्याने काय करावे, हे आता क्रमाने सांगतो. आपल्या मंडळींपैकी कित्येक जण एजंटाच्या भरवशावर राहतात आणि गोत्यात येतात.

सर्वांत आधी आदेश वाचावा. तो परवाना अधिकाऱ्याने कलम १९ खाली काढला आहे की न्यायालयाने कलम २० खाली दिला आहे, मुदत किती आणि कोणत्या तारखेपासून, सर्व वर्गांच्या गाड्यांसाठी की काहींसाठी, हे त्यात असते. परवाना अधिकाऱ्याने निलंबनापूर्वी आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे आणि कारणे लेखी नोंदवली पाहिजेत. त्याचा आदेश मान्य नसेल तर तो हाती पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. ही मुदत ‘बघू, ओळख लावू’ म्हणण्यात निघून जाते.

दुसरे, लायसन्स जमा करून गाडी चालवणे खरोखर थांबवावे. निलंबनाच्या काळात गाडी चालवल्यास कलम १८२ नुसार दहा हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. लायसन्स भारतभर चालते, तसे अपात्रत्वही भारतभर चालते. बेळगावात निलंबित झाले म्हणून कोल्हापुरात किंवा पणजीत चालवता येईल, असे समजणे म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिण्यासारखे आहे. आता नोंदी संगणकावर असतात आणि पोलीस त्या जागेवरच पाहू शकतात.

तिसरे, कलम १९ खालचे निलंबन संपले की लायसन्स आपोआप हातात येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चालकाने उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केले तरच ते परत मिळते, आणि हे प्रशिक्षण परवानाप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून किंवा अधिसूचित संस्थेतून घ्यावे लागते. मुदत संपण्याची वाट न पाहता आधीच आरटीओत जाऊन मान्य संस्था कोणती ते विचारावे. दरम्यान लायसन्सची मूळ मुदत संपत असेल तर तिकडेही लक्ष हवे. ती संपून एक वर्ष उलटले की नूतनीकरणासाठी पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागते. लायसन्स परत मिळाल्यावर ‘सारथी’ या सरकारी संगणक नोंदीत ते पुन्हा चालू दाखवले आहे का, हे तपासल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नये.

चौथी गोष्ट विम्याची. लायसन्स निलंबित असताना गाडीचा विमा मिळत नाही, हा गैरसमज आहे. थर्ड पार्टी विमा गाडीचा असतो आणि तो घेण्यासाठी मालकाकडे लायसन्स असलेच पाहिजे असे नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात पॉलिसी घ्यावी. घरातील दुसरे कोणी लायसन्सधारक ती गाडी चालवू शकते. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते. निलंबन झाले म्हणून तो वाढत नाही. १ जून २०२२ पासून ठरवलेले वार्षिक दर असे होते : ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला ७१४ रुपये, १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये. कर वेगळा. दुचाकीचा खर्च दिवसाला दोन रुपयांच्या आसपास येतो. तेवढ्यात एक कटिंग चहाही येत नाही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र वेगळा. पॉलिसी खंडित झाली असेल तर कंपनी आधी गाडीची तपासणी करते किंवा छायाचित्रे मागते. जुनी पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, जातो. अर्जात पूर्वीच्या अपघाताबद्दल, लायसन्सबद्दल खोटे लिहू नये. पुढे दावा नाकारायला तेच कारण होते. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम २०१८ मध्ये विमा नियामकाने पंधरा लाख केली, पण त्यासाठी मालकाकडे चालू लायसन्स असावे लागते. आणि पॉलिसीवरची तारीख व वेळ दोन्ही पाहावे. सकाळी अपघात आणि दुपारी पॉलिसी, याला विमा म्हणत नाहीत.

निलंबित लायसन्सवर चालवताना अपघात झाला तर काय? सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंह प्रकरणात घालून दिलेल्या तत्त्वानुसार कंपनीला जखमीची भरपाई आधी देण्यास सांगितले जाऊ शकते आणि नंतर ती मालकाकडून वसूल करता येते. म्हणजे पॉलिसी असूनही देणे आपल्याच अंगावर येते. लायसन्स आणि विमा ही एकाच जोडीची दोन चाके आहेत. एक पंक्चर असेल तर दुसरे असून उपयोग नाही.

येथे आपल्या भागाचा प्रश्न येतो. बेळगाव, निपाणी, खानापूर येथून माणसे रोज कोल्हापूर, चंदगड, सावंतवाडी, पणजीकडे जातात. गाडी एका राज्याची, लायसन्स दुसऱ्या राज्याचे, पत्ता तिसरीकडचा, हे आपल्याकडे नवल नाही. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो. मालकाचे निधन झाल्यास वारसाने तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांत गाडी नावावर करून घ्यायची असते. गाडी विकत घेतल्यास विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीला कळवायचे असते. हे नियम पाळले नाहीत की नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, सुनावणीची तारीख उलटते आणि निलंबन झाल्याचे पुढच्या नाक्यावर कळते.

दंडाच्या बाबतीतही राज्याराज्यांत मेळ नाही. गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्ये नव्या कायद्यातले अनेक दंड खाली आणले. महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर २०२१ पर्यंत लांबवले. बडोद्याच्या आपल्या बांधवाला एक नियम, नाशिकच्या त्याच्या भावाला दुसरा. सरकारांनी मते सांभाळली. रस्त्यावर जखमी होणाऱ्याचा विचार कोणी केला नाही, असे म्हणावे लागते.

आणि भाषा. नोटीस कन्नडमध्ये, तेलुगूत किंवा गुजरातीत येते. नवी पिढी ती वाचते, पण घरातील साठीच्या माणसाला तिच्यातली मुदत कळत नाही. म्हणणे मांडण्याची संधी देणे हे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र कशाबद्दल म्हणणे मांडायचे हेच समजले नाही तर ती संधी नावापुरती उरते. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला तक्रार-निवारणासाठीचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे तेथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. बेळगावात मराठी वापरात आहे, हे कोणाला सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही. आपले उत्तर मराठीत लिहून, पोच घेऊन द्यावे. यात भांडण नाही, हक्क आहे.

परदेशी गेलेल्या मुलाबाळांकडून आपण ऐकतो की अमेरिकेतील अनेक राज्यांत विम्याशिवाय गाडी चालवल्यास लायसन्स आणि गाडीची नोंदणी दोन्ही निलंबित होतात. परत मिळवण्यासाठी ठरलेले शुल्क भरावे लागते, आणि बऱ्याच ठिकाणी विमा कंपनीने ‘एसआर-२२’ नावाचा दाखला थेट सरकारला पाठवावा लागतो. तो साधारण तीन वर्षे चालू ठेवायचा. मध्येच पॉलिसी बंद पडली तर कंपनीच सरकारला कळवते. तिथेही गरिबांना जाच होतो, आणि त्यांचे सगळे उचलावे असे मी म्हणत नाही. पण गुन्हा, शिक्षा आणि परतीची अट यांची साखळी तिथे सलग आहे. आपल्याकडे तिचे दुवे सुटे पडले आहेत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दूधवाला, पेपरवाला, शेतातून भाजी आणणारा यांचे लायसन्स तीन महिने काढून घेतले तर घर चालणार कसे? म्हणूनच पहिल्या वेळी माणसाला रोखण्यापेक्षा गाडीला रोखावे, असे माझे मत आहे. दोष गाडीच्या कागदात आहे; पॉलिसी दाखवेपर्यंत ती गाडी जागेवर राहावी आणि पॉलिसी दाखवताच त्याच दिवशी सुटावी. दुसऱ्यांदा सापडल्यास किंवा विमा नसताना अपघात केल्यास मात्र लायसन्स निलंबित व्हावे, आणि ते कोणाच्या मर्जीवर अवलंबून असू नये. आता त्यासाठी नाकाबंदीचीही गरज नाही. बिहारने २०२४ मध्ये आणि ओडिशाने २०२५ मध्ये टोलनाक्यांवर गाडीचा क्रमांक टिपून विम्याची नोंद आपोआप तपासण्यास सुरुवात केली. उद्या कोगनोळीच्या नाक्यावर हेच झाले तर आपल्यातील किती गाड्या पार होतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

तेव्हा परिवहन खात्याकडे आणि आपल्या आमदार-खासदारांकडे आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. कलम १९६ चा दुसरा गुन्हा निलंबनाच्या यादीत घ्यावा. निलंबनाच्या प्रत्येक आदेशाबरोबर परत मिळवण्याचे टप्पे, कार्यालय, प्रशिक्षण संस्था आणि शुल्क यांचा एक पानी कागद द्यावा, तोही स्थानिक अल्पसंख्याकांच्या भाषेत. मुदत संपून अटी पूर्ण झाल्यावर सात दिवसांत लायसन्स परत करण्याचे बंधन असावे. आणि एका राज्यात पकडलेल्या, दुसऱ्या राज्याचे लायसन्स असलेल्या चालकाचे प्रकरण कोणते कार्यालय हाताळणार, हे पहिल्याच कागदावर छापलेले असावे.

मागण्या करताना आपले अंगणही झाडले पाहिजे. मंडळाने वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, सभासदांच्या गाड्यांची कागदपत्रे तपासून देण्याची सोय करावी. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, हळद-कुंकू लावतो. त्याच दिवशी पॉलिसीची तारीखही पाहावी. निवृत्त कारकून, वकील, विमा प्रतिनिधी आपल्यात भरपूर आहेत. दोन टेबले आणि चार खुर्च्या एवढ्यावर हे काम होते. ज्या घरात गाडी अजून आजोबांच्या नावावर आहे, तिथे आधी ती नावावर करून द्यावी. ज्याचे लायसन्स निलंबित आहे त्याची चेष्टा न करता त्याला अपिलाची तारीख काढून द्यावी.

मराठी माणसाने परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावले ते शब्दाला आणि व्यवहाराला पक्का म्हणून. पेढीवर, कचेरीत, शाळेत त्याच्यावर विश्वास टाकला जाई. आज आपण सर्वांत जास्त परक्या माणसांच्या संपर्कात येतो ते रस्त्यावर. तिथे आपली चूक झाली तर समोरच्याचे नुकसान भरून देण्याची तजवीज आपण आधीच करून ठेवली आहे, एवढेच थर्ड पार्टीचा कागद सांगतो. तो कागद या महिन्यात प्रत्येकाने शोधावा. सापडला नाही तर नवा घ्यावा, आणि तोपर्यंत गाडीची किल्ली खुंटीवर राहू द्यावी.